ओ पॉझिटिव्ह पेमारे

“आमचं रक्त नासकं हाय, असं सरळ बोला ना मग!” कमळ्या ओरडला आणि ब्लड बँकेच्या खिडकीची काच त्याच्या तोंडाच्या वाफेने धुरकट झाली.

काचेच्या आत गजानन पेमारे उभे होते. पांढरा कोट, खिशाला तीन पेनं, त्यांतलं एकच चालणारं. त्यांनी खिडकी आणखी थोडी सरकवली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, “तुझं रक्त ठणठणीत आहे रं बाबा. लफडं तुझ्या आईच्या रक्तात आहे.”

हे वाक्य त्यांनी जरा वेगळ्या शब्दांत बोलायला हवं होतं. कमळ्या एकटा आलेला नव्हता. कशेळे ते कर्जत जीप चालवणारा हा गडी, त्याने आज जीपभरून नातेवाईक आणले होते रक्त द्यायला, आणि ते सगळे त्याच्या मागे व्हरांड्यात उभे होते. “कोन बोलला रं तसा?” म्हणत दोन मावसभाऊ पुढे सरसावले. आतून त्यांच्या हाताखालची टेक्निशियन संजना धावत आली, तिने पेमारेकाकांना बाजूला ढकललं आणि “तसं नाही, अहो तसं नाही” म्हणत खिडकी बंद करून घेतली. संजनाही कशेळ्याचीच. त्या मावसभावांतल्या एकाबरोबर ती शाळेत होती, म्हणून काच वाचली.

आता यातली खरी अडचण सांगतो. कमळ्याची आई सोनुबाई वर बायकांच्या वॉर्डात सकाळपासून उपाशी पडली होती. गर्भपिशवीचं ऑपरेशन. गेली काही वर्षं तिचं अंगावरून जात होतं आणि ती ते पुढे ढकलत होती. कधी लावणी आडवी आली, कधी पुतणीचं लग्न. एकदा तर हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत येऊन, “मला वास सोसत नाय” म्हणून त्याच जीपने परत गेली होती. यंदा भात झोडून घरात आलं तेव्हा कुठे ती तयार झाली. सर्जन पनवेलहून यायचे ते फक्त सोमवारी, आणि दुपारी निघून जायचे. सोनुबाईच्या अंगात रक्त इतकं कमी की रक्ताच्या पिशव्या हाताशी असल्याशिवाय ते सुरीला हात लावणार नव्हते. आज ऑपरेशन झालं नाही तर ही बाई पुन्हा या जिन्याची पायरी चढायची नाही, हे कमळ्यालाही ठाऊक होतं आणि पेमारेंनाही. आणि पेमारे पिशवी द्यायला तयार नव्हते.

लोकांना वाटतं गट जुळला की रक्त जुळलं. पेमारे यावर प्रत्येकाला एकच सांगायचे, “गट जुळला म्हणजे मुलगी बघायला घरात घेतलं, एवढंच. लग्न अजून लांब आहे.” कारण ज्याला पूर्वी कधी रक्त चढवलंय, किंवा जिची बाळंतपणं झालीत, त्या माणसाच्या रक्तात दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊन बसलेल्या असू शकतात. वर्षानुवर्षं त्या गप्प असतात. परकं रक्त आत आलं की त्याच्या लाल पेशी फोडायला धावतात, आणि पेशंट वाचवायला दिलेलं रक्तच त्याच्या जिवावर उठतं. त्या आधीच हुडकून काढायच्या, हे पेमारेंचं काम.

काम तसं स्वयंपाकासारखं, निगुतीचं. पेशंटच्या रक्तातलं वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सिरम, काचेच्या नळीत घ्यायचं. त्यात ओ गटाच्या माणसाच्या लाल पेशी टाकायच्या, कारण गटावरून त्या पेशींशी कुणाचंच भांडण नसतं. नळी कोमट पाण्यात ठेवायची, मग सलाइनने पुन्हापुन्हा धुवायची, पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी उघड्या पाडणाऱ्या कूम्ब्स सिरमचे दोन थेंब टाकायचे, फिरकीत, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये, फिरवायची आणि उजेडाकडे धरून हलकेच हलवायची. तळाशी बसलेली लाली धुरासारखी सुटून वर आली तर पेशंट निर्मळ. लालीचे दाणे दाणे झाले तर समजायचं, आत कुणीतरी दबा धरून आहे.

मोठी हॉस्पिटलं या ओ गटाच्या पेशी बाटलीत भरलेल्या विकत आणतात. कर्जतच्या जानकीबाई धर्मादाय रुग्णालयात मात्र त्या पेमारेंच्या डाव्या हातातून येत.

सुरुवातीला तिघांचं रक्त एकत्र करून वापरत: पेमारे, वॉर्डातला नागू आणि डिसूझा सिस्टर. मग नागू रिटायर झाला, सिस्टर वसईला लेकाकडे राहायला गेल्या, आणि उरले ओ पॉझिटिव्ह पेमारे. दर सोमवारी सकाळी ते स्टुलावर बसायचे, डावी बाही वर करायचे, रबरी पट्टीचं एक टोक दातात धरून ती दंडाला आवळायचे आणि स्वतःच स्वतःचं रक्त काढायचे. नळीवर नाव नसे. नुसता ‘ओ’. आठवडाभर ज्याला ज्याला रक्त लागेल, त्याच्या सिरमची गाठ आधी पेमारेंच्या पेशींशी पडायची.

याचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा? पोशीरसारख्या गावातून आलेला, आयुष्यात एकाही सभेत हार न घातला गेलेला हा माणूस. पण कर्जत-खालापुरात रक्त चढलेलं कुणीही भेटलं की पेमारेंना ते लांबच्या नात्यातलं वाटायचं. लग्नाच्या पंगतीत ते बायकोला कोपराने ढोसून सांगायचे, “तो बघ, फेटेवाला. माझ्याशी टेस्ट झालीये त्याची.” त्यावर यमुनाबाईंचं उत्तर ठरलेलं, “बरं. वरण गार होतंय.”

ब्लड बँकेच्या डॉक्टर अनम बुबेरे, नेरळच्या. वयाने पेमारेंच्या लेकीएवढ्या, रुचिताएवढ्या, हुशार आणि बोलायला गोड. आल्यापासून त्या सांगत होत्या की काका, तयार पेशी मागवू या. पेमारे म्हणायचे, “मी जिवंत उभा असताना?” मग त्या म्हणायच्या, निदान तुमच्या पेशी तरी एकदा तपासून घेऊ. यावर पेमारे मनापासून हसायचे. “मॅडम, फूटपट्टी कुणी मोजतं का?” आणि मॅडम त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघून विषय सोडून द्यायच्या.

तर त्या सोमवारी फूटपट्टीने सोनुबाईला नापास केलं होतं. नळीत स्वच्छ दाणे. पेमारेंना नवल वाटलं नाही. पाच बाळंतपणं झालेली बाई, असणारच काहीतरी. सँपल मुंबईला पाठवावं लागेल, ऑपरेशन पुढच्या सोमवारी, असं त्यांनी वर कळवून टाकलं.

मग त्यांनी दुसरी नळी उजेडाकडे धरली. ती होती नेरळचे भातगिरणीवाले शकूरशेठ यांची. खुब्याचं ऑपरेशन. त्यातही दाणे. पेमारे उठून पुरुषांच्या वॉर्डात गेले.

“शेठ, पूर्वी कधी रक्त चढवलं होतं?”

“नाय.”

“मुलं किती?”

“चार.”

“पडलेलं वगैरे एखादं?”

शकूरशेठ उशीवरून अर्धे उठले. “पेमारे, डोकं ठिकाणावर हाय ना? मी नाय बाळंत झालो, तय्यबा झाली. घरी फोन लावून देऊ?”

पेमारे ओशाळून खाली आले. तिसरी नळी लोधिवलीच्या एका पोरगेल्या मुलाची, बाइकवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. त्याला ना कधी रक्त चढलं होतं, ना बाळंतपणाचा संबंध. दाणे. असे टपोरे, की भिंगाची गरज नाही.

“सलाइन!” पेमारे म्हणाले. सलाइनची नवी बाटली फोडली. दाणे. “कूम्ब्सची बाटली बिघडली.” नवी काढली. दाणे. “फिरकी जास्त जोरात फिरतेय.” मग त्यांना विजेचा दाब संशयास्पद वाटला, मग पाण्याचं तापमान, आणि शेवटी संजना.

“धुताना बोलत होतीस ना तू?”

“काका, मी धुतलंच नाही. आज सगळं तुम्ही धुतलंय.”

वरून वॉर्डातल्या मामांचा फोन आला. “पेमारे, सर चहा घेतायत. दुसरा.” ही धमकी होती. पनवेलचे सर्जन तिसरा चहा घेत नसत, गाडी काढत.

संजना मघापासून काहीतरी वेगळंच करत होती. तिने त्या तिघांचं सिरम थेट रक्ताच्या पिशव्यांतल्या पेशींशी लावून बघितलं होतं. तिने नळ्यांचं स्टँड त्यांच्यासमोर ठेवलं. “काका, बघा. पिशव्यांशी तिघांचंही जुळतंय. एक दाणा नाही. दाणे येतायत ते फक्त आपल्या ओ सेलशी.”

“आपल्या नाही. माझ्या.”

“तेच म्हणतेय मी,” संजना हळूच म्हणाली.

पेमारेंनी तिच्याकडे असं बघितलं, की जणू भर बाजारात कुणी त्यांच्या धोतराला हात घातला असावा. ते धोतर नेसत नसत, ही गोष्ट वेगळी. पण तेवढ्यात डॉक्टर अनम आत आल्या आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “काका,” त्या म्हणाल्या, “तुमच्या पेशींवर सरळ कूम्ब्स टाकून बघू. कुणाचंही सिरम न घालता.”

“मी करतो,” पेमारे म्हणाले. “दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.”

त्यांनी आपल्या पेशी धुतल्या. इतक्या निगुतीने त्यांनी आजवर कुणाच्याच धुतल्या नसतील. दोन थेंब टाकले. फिरकी फिरून थांबली. बाहेर व्हरांड्यातून कमळ्याचे नातेवाईक काचेतून आत डोकावत होते, त्यांना काय चाललंय कळत नव्हतं तरी. पेमारेंनी नळी ट्यूबलाइटकडे धरली आणि हलकेच हलवली.

लाली धुरासारखी सुटली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि दाणे होऊन नळीत गटांगळ्या खात राहिली. यात सोनुबाई नव्हती, शकूरशेठ नव्हते, लोधिवलीचा पोरगा नव्हता. फक्त पेमारे होते.

ते नळी खाली ठेवायला विसरले. त्यांना एकदम खूप लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती. “म्हणजे मला काय झालंय, मॅडम?”

“बसा आधी. तुमच्याच अँटिबॉडी तुमच्याच पेशींना चिकटल्यात. याला कारणं असतात. औषधं कुठली चालू आहेत?”

“काही नाही. बीपीची एक गोळी. साधी.”

“कुणी दिली?”

पेमारे जरा घुटमळले. “घरात होती,” ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रुचिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी पोशीरला आली होती. सातव्या महिन्यात तिचं बीपी चढलं, डॉक्टरांनी दिवसाला तीन गोळ्या दिल्या. साईराज जन्मला, बीपी उतरलं, गोळ्या बंद झाल्या. उरलेल्या पाकिटांचा ढीग कपाटात. त्याच सुमाराला पेमारेंनी सहज म्हणून यंत्राचा पट्टा आपल्या दंडाला लावला आणि आकडा बघून तो घाईघाईने काढून ठेवला. डॉक्टरकडे जायचं म्हणजे रांगेत बसायचं. इतरांना तपासणीसाठी कानीकपाळी ओरडणारा हा माणूस स्वतः रांगेत बसायला तयार नव्हता. आणि कपाटात गोळ्या होत्याच. बीपीची गोळी ती बीपीची गोळी, त्यात बायकांची-पुरुषांची काय असायची? चांगल्या गोळ्या टाकून द्यायच्या कशाला? त्या संपल्यावर नेरळच्या मेडिकलमध्ये रिकामं पाकीट दाखवून नव्या आणल्या. साईराज आता रांगत होता, आणि गोळ्या चालूच होत्या.

“मेडिकलवाल्याने विचारलं नाही?”

“विचारलं ना. रुचिताताईंचं बीपी अजून आहे का, म्हणाला.”

“मग?”

“मी म्हटलं, आहे थोडं.”

पेमारेंनी पाकीट खिशातून काढून टेबलावर ठेवलं. संजनाने ते उचललं, नाव वाचलं आणि तोंडावर हात धरला. “काका, ही गरोदर बायकांना...” पुढे तिला बोलता येईना. ती सलाइनच्या खोक्यांकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. डॉक्टर अनमनी स्वतःला बराच वेळ आवरलं. मग त्याही चष्मा काढून पुसायला लागल्या, जो अजिबात खराब झालेला नव्हता.

“गोळी पुरुषांनाही चालते,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण आता ती बहुतेक गरोदरपणातच देतात. काही महिने घेतली की काही जणांत ती नेमकं हेच करते. घाबरू नका. आज संध्याकाळी फिजिशियनकडे जायचं, ते बदलून देतील. आणि रांगेत बसायचं.”

पेमारेंना हसू आलं नाही. “मॅडम, खरं सांगा. माझ्यामुळे कुणाला चुकीचं रक्त गेलं का?”

“नाही. तुमच्या पेशी नसलेला शत्रू दाखवत होत्या. असलेला लपवत नव्हत्या.”

“मागच्या आठवड्यात चौकची एक बाई होती. बारीक दाणे वाटले मला. मी तिला पनवेलला पाठवलं. रिक्षात बसताना रडत होती ती.”

“तिचं नीट झालं. मी फोन केला होता.”

पेमारेंनी मान हलवली, पण ती बाई त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. निदान सोनुबाई तरी परत जाता कामा नये, असं त्यांना फार तीव्रतेने वाटलं. ते उठले. “ओ गटाचं दुसरं रक्त पाहिजे. आत्ता.” आणि ते संजनाकडे वळले. “तू ओ आहेस ना गं?”

संजना हसायची थांबली. “हो. पण मला सुईची भीती वाटते.”

“दिवसभर लोकांना टोचतेस की!”

“लोकांना, काका.”

खिडकीवर टकटक झाली. कमळ्या काचेला नाक लावून उभा होता. “माझं घ्या! मी बी ओ हाय. लायसनवर लिवलंय!” आणि त्याने लायसन काचेला चिकटवलं.

डॉक्टर अनमनी खिडकी उघडून त्याला समजावलं की आईच्या तपासणीला मुलाच्या पेशी नकोत. बाळंतपणात आईच्या रक्तात मुलाच्याच रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात, मग भलताच घोळ व्हायचा.

“म्हंजे आईला माझं रक्त सोसत नाय?”

“तसं असू शकतं. असेलच असं नाही.”

कमळ्या खट्टू होऊन बाकावर बसला. जीपभरून आणलेल्यांत ओ गटाचा दुसरा कुणीच निघाला नाही, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. शेवटी कँटीनमधल्या शुक्राला बोलावलं. त्याचा गट ओ, आणि तो भजी तळता तळता झारा घेऊनच आला. त्याने विचारलंही नाही कशासाठी, हात पुढे केला.

मग संजनाची पाळी. ती स्टुलावर, पेमारेंच्या स्टुलावर, डोळे गच्च मिटून बसली. पेमारेंनी पट्टी बांधली आणि शीर चाचपली. “दुसरीकडे बघ आणि तुझ्या गावावरून जाणाऱ्या गाड्यांची नावं सांग.”

“कर्जत-मुरबाड,” संजना म्हणाली. “कर्जत... आई गं!”

“झालं. एवढंच होतं.”

या वेळी पेमारेंनी एक पायरी वाढवली. पेशंटचं सिरम घेण्याआधी त्यांनी संजनाच्या आणि शुक्राच्या पेशींवर सरळ कूम्ब्स टाकून बघितलं. लाली सरळ धुरासारखी वर आली. ती बघताना त्यांना आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला. मग सोनुबाईची नळी. धूर. शकूरशेठ. धूर. लोधिवलीचा पोरगा. तोही निर्मळ. पिशव्यांशी पुन्हा एकदा जुळवून बघितलं, डॉक्टरांनी सही केली, आणि पिशव्या मामांच्या हाती न देता पेमारे स्वतः त्या छातीशी धरून जिना चढले.

सर्जन व्हरांड्यात उभे होते. एका हातात रिकामा कप, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली.

“सर, रक्त!”

सर्जननी पिशव्यांकडे बघितलं, पेमारेंकडे बघितलं, आणि किल्ली खिशात टाकली. “चला,” ते म्हणाले. “आणि पेमारे, तुम्ही काळजी घ्या हं. जड काही उचलत जाऊ नका.”

म्हणजे बातमी जिन्याने त्यांच्या आधीच वर पोचली होती. वॉर्डातल्या सिस्टर एकमेकींना चिमटे काढत होत्या. सोनुबाईला स्ट्रेचरवर घेतलं होतं. हिरव्या टोपीखाली तिचा सुकलेला चेहरा आणि मोठं कुंकू. तिने पेमारेंना जवळ बोलावलं.

“मास्तर, आयकलं ते खरं हाय का? तुमी बाळंतिणीच्या गोळ्या खाता?”

पेमारेंनी मान खाली घातली. “खाल्ल्या, मावशी. चुकून.”

“पयलंच का?”

आता मात्र सगळा वॉर्ड हसला. कमळ्याही. सोनुबाई हसली नाही, ती अगदी गंभीर होती. “लाजू नका. डिंकाचं लाडू खावा, कंबरेत ताकद येते. मी घरला गेले का धाडते.”

“मावशी, तुमचं रक्त जुळलं बरं का.”

“मला म्हाईत होतं. आन् ह्या कमळ्याचं नाय जुळलं म्हनं?” तिने लेकाकडे बघितलं. “ह्याचं मला लानपनापास्नं कायच सोसत नाय.” असं म्हणत तिने कमळ्याचा हात धरला तो ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सोडला नाही. दार बंद झालं तेव्हा कमळ्या त्याच हाताने डोळे पुसत होता.

ऑपरेशन नीट झालं. पेमारे संध्याकाळी फिजिशियनच्या रांगेत बसले. रांगेत तिघेजण ओळखीचे निघाले आणि तिघांनीही बाळंतपणाची चौकशी केली. घरी यमुनाबाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “लेकीच्या गोळ्या! तरी मी म्हनते, दुपारचं ताटावर बसल्या बसल्या पेंगतात कशे.” रुचिताने फोनवर आधी रागावून घेतलं आणि मग, “बाबा, ओटी भरायला येऊ का?” असं विचारून फोन ठेवला.

पुढचा आठवडा संजनाचं आणि शुक्राचं रक्त चाललं. शनिवारी मुंबईहून थर्मोकोलचं खोकं आलं. आत बर्फाच्या पाकिटांमध्ये तीन छोट्या बाटल्या. तयार पेशी. कुणाच्या, कुठल्या देशातल्या माणसांच्या, कोण जाणे. सोबतच्या कागदावर प्रत्येक बाटलीच्या गुणांची यादी होती, आणि डॉक्टर अनमनी प्रेमाने सांगितलं, की काका, या तिघांत मिळून जे जे आहे ते एका माणसात कधीच मावणार नाही. पेमारेंनी ते मान्य केलं. खरंच होतं ते. त्यांनी स्वतःच बाटल्या फ्रिजमध्ये, पुढच्या खणात लावल्या. त्या खणातल्या स्टँडच्या पहिल्या भोकात इतकी वर्षं एकच नळी उभी असायची. ते भोक आता रिकामं होतं.

सोमवारी सकाळी संजना आली तेव्हा पेमारे स्टुलावर बसलेले होते. डावी बाही वर गेलेली, पट्टीचं टोक दातात. तिला बघून ते दचकले. सोमवार आणि स्टूल, एवढ्यानेच हात आपोआप वर गेला होता. त्यांनी पट्टी तोंडातून काढली आणि बाही खाली करायला लागले.

“राहू द्या काका,” संजना म्हणाली. “तुमचं घ्यायचंच आहे. मॅडमनी सांगितलंय, दर महिन्याला बघायचं, उतरतंय का ते.”

टेबलावर स्टीलचा डबा होता. कमळ्या भल्या पहाटे जीपमधून खाली न उतरताच वॉचमनकडे देऊन गेला होता. आत डिंकाचे लाडू, वर तुपाचा थर. सोनुबाई घरी जाऊन गोठ्यात वाकायला लागली होती आणि सून तिच्यावर ओरडत होती, असा निरोपही डब्याबरोबर आला होता.

संजनाने पट्टी बांधली. पेमारेंनी दुसरीकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दुसरं त्यांचं रक्त काढत होतं, आणि हात चांगला होता पोरीचा. तिने त्यांच्याच सुरात, ठरलेले प्रश्न विचारले.

“पूर्वी कधी रक्त चढवलंय?”

“नाही.”

“मुलं किती?”

“एक.”

“औषधं?”

“बदलली.”

नळी भरली. संजनाने चिकटपट्टी फाडली आणि सवयीने त्यावर ‘ओ’ काढायला गेली, मग थांबली. ती बाजूला टाकून तिने दुसरी पट्टी घेतली आणि त्यावर सावकाश लिहिलं: गजानन पेमारे, पुरुष, सत्तावन्न, पोशीर. मग तिने ती नळी पेशंटच्या स्टँडमध्ये, शकूरशेठच्या नळीशेजारी ठेवली.

पेमारे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांच्या रक्तावर त्यांचं नाव कधी आलं नव्हतं. त्यांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं.

“कापूस दाबून धरा काका. चोळू नका.”

“हो,” पेमारे म्हणाले, आणि कोपर दुमडून, रक्त थांबेपर्यंत तसेच शहाण्यासारखे बसून राहिले.